‘गिव्ह अप’ आणि आपलं ‘सोडून देणं’

‘फ्रेझल व्हर्ब’चा धडा आला की मराठी माध्यमातली बरीच मुलं हात टेकतात. ‘गिव्ह’ म्हणजे देणं, ‘अप’ म्हणजे वर. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं कसं? ‘पाठ करा’, एवढंच उत्तर मिळतं. मला मात्र ते उत्तर भाषेच्या इतिहासात दिसतं. त्यासाठी आज कोलकात्याच्या बालीगंजला जाऊ.

तिथल्या हिंदुस्तान पार्कात ‘सुधर्मा’ हे भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जींचं घर. पॅरिसमध्ये ते झ्यूल ब्लोक यांच्याकडे शिकले. हे तेच ब्लोक, ज्यांचा मराठीच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ १९२० साली निघाला. बंगालीच्या उगमावरचा सुनीतिबाबूंचा ग्रंथ १९२६चा. त्याच्या एकच वर्ष आधी लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’मधून ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव पसरलं. अडचण मात्र जुनी. सॅम्युअल जॉन्सननं १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेतच सांगितलं होतं, की परक्यांना इंग्रजीत सर्वांत जड जातात ती हीच क्रियापदं.

आता गंमत पाहा. संस्कृतात धातूच्या आधी उपसर्ग लागतो आणि अर्थ पालटतो: आहार, विहार, प्रहार, संहार. जुन्या इंग्रजीतही असे उपसर्ग भरपूर होते. ‘फर्गिव्ह’ हा त्यातलाच उरलेला शब्द. पुढे दोन्हीकडे नवी क्रियापदं घडवण्याची ही रीत मागे पडली. इंग्रजीनं क्रियापदाच्या मागे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ जोडले. आपण दुसरं क्रियापदच जोडलं. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणं. बालीगंजच्या घरात आई मुलाला म्हणेल, ‘खेये फेलो’. बंगालीत ‘फेला’ म्हणजेही टाकणं! घास तर पोटात जातो, टाकत कोणीच नाही. ते ‘टाक’ फक्त ‘पुरतं संपव’ एवढं सांगतं. ‘ईट अप’मधलं ‘अप’ तेच सांगतं.

‘गिव्ह अप’मध्येही ‘अप’ म्हणजे वर नव्हे, पुरतं. हातातलं पुरतं देऊन मोकळं होणं. सिगारेट सोडणं, बसमधली जागा दुसऱ्याला देणं, आशा सोडणं, फरारी आरोपीनं पोलिसांच्या स्वाधीन होणं, हे सगळे अर्थ इथूनच निघतात. वापरताना दोनच गोष्टी सांभाळा. पुढे क्रिया आली तर ‘इंग’ लावा: ‘गिव्ह अप स्मोकिंग’. सर्वनाम आलं तर ते मध्ये बसवा: ‘गिव्ह इट अप’.

आपण ‘सोडून देतो’, बंगाली माणूस ‘छेडे दाओ’ म्हणतो. इंग्रजीत ‘देणं’ मुख्य, आपल्याकडे ते मदतीला. काम मात्र एकच. ‘येऊन जा’, ‘बोलून बस’, ‘करून टाक’ यांतला फरक आपल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतो, तोही कुठलीच यादी पाठ न करता. हे ज्याला घरी येतं, त्याला इंग्रजी जमणार नाही असं कोणी म्हणू नये. शिक्षकांना माझी एकच विनंती: यादी देण्याआधी मुलांना त्यांचीच मराठी दाखवा.