मिक्सर ते लॅपटॉप : लाईव्ह कार्यक्रमात आवाज नेमका कुठे अडकतो?

जयंतीची सभा, वर्षावासातील धम्मदेसना, भीमगीतांची रात्र, हे कार्यक्रम आता मांडवापुरते राहिलेले नाहीत. कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेली पोरं आणि गुडघ्यांमुळे विहारापर्यंत येऊ न शकणाऱ्या आज्या ते मोबाईलवर बघतात. चित्र थोडं अंधुक असलं तर लोक चालवून घेतात, पण आवाज गेला की दोन मिनिटांत निघून जातात. आणि आवाज जातो तो बहुतेक वेळा मिक्सर आणि लॅपटॉप यांच्यामधल्या दीड मीटर वायरीत.

आमच्यावर ओढवलेला एक प्रसंग आधी सांगतो. एका वयोवृद्ध गायकांचा कार्यक्रम आम्ही लाईव्ह केला होता. लॅपटॉपला हेडफोन लावून आम्ही ऐकत होतो, आवाज येत होता, फक्त जरा पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा. पण बघणाऱ्यांपैकी निम्मे लिहीत होते, 'आवाज येत नाही'. बाकीचे म्हणत होते, 'येतोय की!' आम्ही नेटला दोष दिला. दोष नेटचा नव्हता, वायरीचा होता.

मिक्सरचा मेन आऊट बहुधा बॅलन्स्ड असतो. म्हणजे एकच आवाज दोन तारांवरून जातो, एकीवर सरळ आणि दुसरीवर उलटा. आम्ही तिथे जाड पी-३८ स्टीरिओ जॅक लावला आणि दुसरं टोक साऊंड कार्डच्या स्टीरिओ लाईन-इनमध्ये खोचलं. कार्डाला वाटलं, एक तार डावी आणि दुसरी उजवी. हेडफोनमध्ये दोन्ही कान वेगळे असल्याने आवाज ऐकू आला. एकच स्पीकर असलेल्या मोबाईलमध्ये मात्र सरळ आणि उलटा एकत्र झाले आणि एकमेकांना खाऊन मोकळे झाले. म्हणून 'काहींना येतो, काहींना नाही' अशी तक्रार आली की आधी वायर तपासा.

त्या रात्रीचं गाणं वाचलं, कारण ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग चालू होतं. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्टीरिओ ट्रॅकचे दोन मोनो ट्रॅक केले, त्यातल्या एकाला 'इन्व्हर्ट' दिलं आणि दोन्ही एकत्र मिसळले. आवाज जागेवर आला. रेकॉर्डिंग नसतं तर काय झालं असतं, हे लिहायलाही नको वाटतं.

वायर कुठून काढायची

छोट्या मिक्सरवर बऱ्याचदा 'रेक आऊट' किंवा 'टेप आऊट' लिहिलेली लाल-पांढरी आरसीए जोडी असते. लॅपटॉपसाठी तीच सगळ्यात सोयीची. ती बॅलन्स्ड नसते, त्यामुळे वरचा घोळ होत नाही. तिथून आरसीए लाईन-इन असलेल्या यूएसबी साऊंड कार्डात जायचं आणि कार्ड लॅपटॉपला लावायचं. बेहरिंगरचं यूसीए२०२ याच कामाचं छोटं कार्ड आहे.

बारीक ३.५ मिमीची पिन थेट लॅपटॉपच्या भोकात लावू नका. आजच्या बहुतेक लॅपटॉपला हेडफोन आणि माईक मिळून एकच भोक असतं, त्याला चार कड्यांची पिन लागते. तीन कड्यांची लावली की लॅपटॉप तिला हेडफोन समजतो आणि आवाज आतच घेत नाही. स्प्लिटर लावून आवाज आत घेतला, तरी ते भोक माईकच्या काही मिलिव्होल्टसाठी केलेलं असतं. मिक्सरची लाईन त्याच्या शेकडो पट जोरात येते. मग फेडर कितीही खाली आणला तरी आवाज फाटलेलाच.

मिक्सरलाच यूएसबी असेल तर काम सोपं, पण दोन गोष्टी बघा. विंडोज त्या मिक्सरला आपणहून स्पीकरही समजतं. मग लॅपटॉपचा आवाज परत मिक्सरमध्ये जातो आणि तिथून पुन्हा लाईव्हमध्ये. घुमणारा, दोनदोनदा ऐकू येणारा आवाज आला तर साऊंड सेटिंगमध्ये आऊटपुट लॅपटॉपच्याच स्पीकरवर आणा आणि मिक्सरवरचा यूएसबी चॅनल मेनमधून बंद करा. दुसरं म्हणजे, यूएसबीची वायर पाच मीटरच्या पुढे ताणू नका. लॅपटॉप कॅमेऱ्याजवळ लांब असेल, तर एक्सएलआर वायर लांबवा आणि लॅपटॉपजवळ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून कार्डात घ्या.

ओबीएसमध्ये

सेटिंग्जमधल्या ऑडिओत माईकच्या जागी तुमचं कार्ड निवडा, 'डेस्कटॉप ऑडिओ' बंद करा. वेबकॅमचा माईकही म्यूट करा, नाहीतर मांडवाचा गोंगाट गुपचूप मिसळत राहतो. सॅम्पल रेट विंडोज आणि ओबीएस दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा. वेगळा असला की मध्येच टकटक होण्याची शक्यता असते. कार्ड दिसतं पण मीटर हलत नाही, तर विंडोजच्या प्रायव्हसीत माईकची परवानगी बंद असू शकते. आवाज एकाच कानात येत असेल, तर ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये 'मोनो'वर टिक करा. भाषणाची पट्टी पिवळ्यात खेळली पाहिजे. लालमध्ये टेकत असेल तर आधी मिक्सरवर कमी करा. मिक्सरवर फाटलेला आवाज लॅपटॉपवर दुरुस्त होत नाही.

ओठ आणि शब्द जुळत नसतील तर कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. कॅमेऱ्याचं चित्र बहुधा उशिरा पोहोचतं, तेव्हा 'सिंक ऑफसेट'मध्ये आवाजालाही तेवढे मिलिसेकंद थांबवा.

घूंऽऽ असा सतत आवाज येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून बघा. थांबला तर तो अर्थिंगचा घोळ आहे. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डवर लावा किंवा मध्ये आयसोलेटर टाका. काही जण प्लगची अर्थिंगची पिनच मोडतात. मांडव ओला असतो, हातात लोखंडी माईक असतो. असलं कोणी करत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

आता साऊंडवाल्याशी बोलण्याची गोष्ट. मांडवात ढोलकी आणि कोरस तसेही मोठ्याने ऐकू येतात, म्हणून साऊंडवाला त्यांना बॉक्सवर कमी ठेवतो, बरोबरच करतो. पण तोच मेन मिक्स लाईव्हला गेला की घरी बसलेल्यांना नुसता गायक ऐकू येतो, ढोलकी गायब. उपाय म्हणजे लाईव्हसाठी वेगळा ऑक्स मागून घ्या, तो प्री-फेडर ठेवा. मग बॉक्सवर तो काहीही कमीजास्त करो, तुमच्याकडे येणारा आवाज हलणार नाही. प्रेक्षकांकडे तोंड करून एक साधा माईक ठेवला आणि तो फक्त याच ऑक्समध्ये दिला, तर जयघोष आणि टाळ्याही पोहोचतात. हे सगळं कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी सांगा. ऐन वेळी त्याच्या मिक्सरला हात लावाल तर वाद होईल, आणि चूक तुमची असेल.

झूमवर घेत असाल तर 'ओरिजिनल साऊंड' चालू करा. नाहीतर पेटीचा सूर त्याला गोंगाट वाटतो आणि तो दाबून टाकतो.

तपासणी हेडफोनवर करू नका, निदान फक्त हेडफोनवर तरी नको. एक साधा मोबाईल घेऊन मांडवाबाहेर जा आणि त्याच्या स्पीकरवर स्वतःचं लाईव्ह ऐका. रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये ठेवा. मध्येच लाईट गेली तर साधी एमपी४ फाईल बहुधा उघडतच नाही, एमकेव्हीत तोपर्यंतचं सगळं शाबूत राहतं. नंतर ओबीएसमधूनच 'रीमक्स' करून तिची एमपी४ करता येते.