तिकीट फुकट, वर छत्रीही!

क्रूझचं बुकिंग करणाऱ्यांच्या जगात एक छोटासा खेळ चालतो. तुम्ही सहा-आठ महिने आधी केबिन बुक करता. मग अधूनमधून साइटवर जाऊन बघता की तीच केबिन आता स्वस्त तर झाली नाही ना? झाली असेल आणि शेवटचा हप्ता भरायचा बाकी असेल, तर बऱ्याच कंपन्या मागितल्यावर नवा दर लावून देतात. पूर्ण पैसे भरून झाले असतील तर मात्र रोख परत मिळणं कठीण. नशिबात असेल तर फरकाची रक्कम 'क्रेडिट' म्हणून मिळते आणि ती त्याच जहाजावर खर्च करावी लागते. म्हणजे बघा, पैसे परत मिळाले खरे, पण त्यांच्याच दुकानात!

हे सगळं आधुनिक मार्केटिंगवाल्यांच्या डोक्यातून आलं असेल असं आपल्याला वाटतं. पण 'आधी पूर्ण भाडं भरा, सूट नंतर देऊ' ही आयडिया जहाज कंपन्यांनी सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच पक्की केली होती, आणि तीही आपल्या कलकत्त्याच्या मार्गावर. आजचा विषय हाच.

१८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटी वाढल्या आणि माल कमी, जहाजं जास्त अशी अवस्था झाली. दर कोसळायला लागले. तेव्हा इंग्लंड-कलकत्ता मार्गावरच्या कंपन्यांनी १८७५ मध्ये एकत्र येऊन आपसात दर ठरवून टाकले. या युतीला म्हणत 'कॉन्फरन्स'. आता प्रश्न असा, की बाहेरची एखादी कंपनी कमी दरात माल न्यायला आली तर व्यापारी तिकडे पळणार. त्यांना धरून कसं ठेवायचं? १८७७ मध्ये उत्तर सापडलं: डिफर्ड रिबेट, म्हणजे लांबणीवर टाकलेली सूट.

लॉजिक अगदी साधं आहे. समजा, एक व्यापारी दरमहा १००० रुपये भाडं भरतो आणि सूट आहे १० टक्के. (आकडे माझे, फक्त हिशेबापुरते.) सहा महिन्यांत त्याने भरले ६०००, म्हणजे सूट झाली ६०० रुपये. पण ती लगेच मिळत नाही. पुढचे सहा महिनेही त्याने सगळा माल कॉन्फरन्सच्याच जहाजांतून पाठवला, तरच मिळते. तोपर्यंत त्या दुसऱ्या सहा महिन्यांचे आणखी ६०० साठलेले असतात. पहिले ६०० हातात पडतात तेव्हा दुसरे ६०० अडकलेलेच! थोडक्यात, व्यापाऱ्याचे कमीत कमी ६०० आणि जास्तीत जास्त १२०० रुपये कायम कंपनीकडे ओलीस.

आता बाहेरची एक बोट येते आणि म्हणते, मी २० टक्के कमी घेते. व्यापारी हिशेब करतो. या महिन्याचे वाचणार २००, आणि एक गाठ जरी तिच्यातून गेली तरी बुडणार १२००. तो काय करेल? मुकाट्याने जुन्याच बोटीत माल चढवेल. आपल्या भाषेत याला 'लॉक-इन' म्हणतात. गंमत म्हणजे कुलूप व्यापाऱ्याच्याच पैशांचं आहे.

हे कुलूप ज्यांनी तोडायचा प्रयत्न केला त्यांच्यावर कंपन्या दुसरं हत्यार काढत. ते म्हणजे उघडउघड दरयुद्ध. यातली तीन युद्धं आपल्या माणसांनी लढली.

पहिलं जमशेटजी टाटांचं. मुंबईच्या गिरण्यांचं सूत तेव्हा चीनला जायचं आणि त्या मार्गावर पी अँड ओ आणि तिच्या युरोपियन साथीदारांची मक्तेदारी होती. भाडं टनाला १९ रुपयांपर्यंत. जमशेटजी १८९३ मध्ये जपानला गेले, निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी बोलणी केली आणि स्वतःही जहाजं भाड्याने घेऊन 'टाटा लाइन' सुरू केली. पी अँड ओने भाडं किती खाली आणावं? टनाला दीड रुपया! जपानला जाणारा कापूस तर फुकट न्यायची तयारी दाखवली. शिवाय जपानी आणि टाटांच्या जहाजांना माल देणार नाही, असं कबूल करणाऱ्यांना वेगळी सूट. जमशेटजींनी सरकारकडे तक्रार केली, पत्रकं काढली. उपयोग झाला नाही. साथ द्यायचं वचन देणारे व्यापारी एकेक करून दीड रुपयाच्या मागे गेले. टाटांनी तोटा सोसून जहाजं परत केली. त्यानंतर दर पुन्हा चढले हे वेगळं सांगायला नको.

दुसरं युद्ध मालाचं नाही, उतारूंचं. म्हणून ते मला जास्त जवळचं वाटतं. तुतिकोरिन ते कोलंबो या मार्गावर ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं राज्य होतं. व. उ. चिदंबरम पिल्लै हे तिथले वकील, लोकमान्य टिळकांना मानणारे. त्यांनी ऑक्टोबर १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. भांडवल १० लाख, २५ रुपयांचे ४०,००० शेअर्स. सुरुवातीला भाड्याने घेतलेली जहाजं ब्रिटिश कंपनीच्या दबावामुळे हातची गेली. मग हा माणूस पैसे आणि जहाज शोधत मुंबई, कलकत्ता फिरला आणि १९०७ मध्ये 'गालिया' आणि 'लावो' ही दोन जहाजं मिळवली.

मग सुरू झाली भाड्याची घसरण. ब्रिटिश कंपनीने तिकीट आणलं एक रुपयावर. स्वदेशीने केलं आठ आणे. त्यावर ब्रिटिश कंपनीने म्हणे तिकीटच फुकट केलं, आणि वर प्रत्येक उतारूला एक छत्री भेट! (आजच्या 'फ्री गिफ्ट'वाल्यांनी नमस्कार करावा.) स्वदेशीची जहाजं जवळजवळ रिकामी धावायला लागली असं सांगतात.

त्या उतारूंना दोष द्यावा असं मला वाटत नाही. कोलंबोला पोटासाठी जाणारा मजूर एक-एक आणा मोजणारा. त्याच्यासमोर फुकट तिकीट आणि छत्री ठेवली तर तो देशाचा विचार करून आठ आणे काढेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबरच वागत होता. पण सगळ्यांच्या बरोबर वागण्याची बेरीज अशी, की स्वस्ताई आणणारी कंपनीच बुडायच्या बेतात आली.

मार्च १९०८ मध्ये चिदंबरम पिल्लैंना राजद्रोहाखाली अटक झाली. तिरुनेलवेलीत दंगल उसळली, गोळीबारात माणसं मेली. कोर्टाने दुहेरी जन्मठेप ठोठावली. अपिलात शिक्षा कमी झाली, तरी तुरुंगात त्यांना बैलासारखं तेलाच्या घाण्याला जुंपलं. ते १९१२ च्या अखेरीस सुटले. त्याआधीच १९११ मध्ये कंपनी गुंडाळली गेली होती.

तिसरं युद्ध सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनचं. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या महाराजांकडून एक जुनं जहाज विकत घेतलं आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघालं. (आपला राष्ट्रीय सागरी दिन ५ एप्रिलला असतो, तो यावरूनच.) हे जहाज पूर्वी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' होतं. जुलै १८९३ मध्ये योकोहामाहून व्हँकुव्हरला जाताना जमशेटजी टाटा आणि स्वामी विवेकानंद ज्या बोटीत सहप्रवासी होते, तीच ही बोट! ग्वाल्हेर संस्थानाने नाव बदलून ठेवलं 'लॉयल्टी'. म्हणजे ग्राहकांच्या 'लॉयल्टी'ला कुलूप लावणाऱ्यांविरुद्ध निघालेल्या बोटीचं नाव लॉयल्टी. असा योगायोग ठरवूनही जमत नाही.

अपेक्षेप्रमाणे दरयुद्ध झालंच. रंगूनहून मुंबईला येणाऱ्या तांदळाचं भाडं टनाला १८ रुपयांवरून ६ रुपयांवर आलं. कंपनी विकत घ्यायचा प्रस्तावही आला. वालचंदांनी तो नाकारला, आणि ही कंपनी आधीच्या दोघांसारखी मेली नाही. पण किंमत मोजावी लागली. १९२३ मध्ये ब्रिटिश इंडियाच्या लॉर्ड इंचकेपशी दहा वर्षांचा करार झाला. त्यानुसार सिंदियाने फक्त किनारी मालवाहतूक करायची, ७५,००० टनांची मर्यादा पाळायची आणि परदेशी मार्गांचं नाव काढायचं नाही. ज्या कॉन्फरन्सशी लढायचं, तिच्यातच खुर्ची मिळाली, पण कोपऱ्यातली.

कायद्यांचं काय? अमेरिकेने १९१६ मध्ये डिफर्ड रिबेटवर बंदी घातली. ब्रिटनने १९०६ मध्ये रॉयल कमिशन नेमलं. १९०९ मध्ये त्यातल्या बहुमताने सांगितलं, की नियमित फेऱ्या टिकवायच्या तर काही मार्गांवर ही पद्धत समर्थनीय आहे. हा मुद्दा अगदीच खोटा नाही हेही मान्य करायला हवं. ठरलेल्या तारखेला, अर्धी भरली तरी सुटणारी बोट व्यापाऱ्यालाही हवीच असते. फक्त ती सोय टिकवायचा खर्च कोण भरणार आणि नव्या माणसाला आत येऊ द्यायचं की नाही, हे ठरवणारे लोक एकाच टेबलाच्या एकाच बाजूला बसले होते. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी म्हणून सराभाई हाजींनी १९२८ मध्ये विधेयक मांडलं. ब्रिटिश अमदानीत त्याचा कायदा झाला नाही.

याचा अर्थ क्रूझवाल्याने दर कमी करून दिला तर घेऊ नका असा नाही. जरूर घ्या! दहा कंपन्या एकमेकींशी झगडत असताना मिळालेली सूट तुमची हक्काची. मी फक्त दोन गोष्टी बघतो. सूट आत्ता हातात मिळते की पुढच्या खरेदीवर अवलंबून आहे? आणि हा दर परवडत नसलेली दुसरी कंपनी उद्या बंद पडली, तर परवा तिकीट कितीला मिळेल? छत्री घेऊन कोलंबोला उतरलेल्या माणसाला दुसरा प्रश्न विचारायला फुरसत नव्हती. आपल्याला आहे. रिफ्रेश बटण दाबता दाबता विचारून टाकू.