रौप्यपात्रे आणि वाढणारा हात

वाढण्याच्या पात्राची शुद्धी हा अन्नशुद्धीचाच एक भाग होय, असे आपल्या धर्मशास्त्राने मानले आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीच्या विवेचनात रुप्याच्या भांड्यांचाही निर्देश आहे. ज्यास उच्छिष्टाचा लेप लागलेला नाही व ज्यावर नक्षी नाही, असे रौप्यपात्र केवळ जलाने शुद्ध होते. नक्षीदार पात्रास ही सवलत नाही; कोरीव रेषांत अन्नकण अडकतात, हे घासणारा जाणतो.

पुढे राजगृही मात्र साधेपणा मागे पडून शोभा वाढली. करीमनगर येथील कारागीर रुप्याच्या बारीक तारा ओढून त्यांची जाळी विणतात व तबके, पानदाने, अत्तरदाण्या घडवितात. या कलेस 2007 साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. तलमडुगूकडील भाविकांना ही कला दूरची नाही. आदिलाबादहून दक्षिणेस गोदावरी ओलांडली की करीमनगरचा प्रदेश लागतो.

वैभवाची परिसीमा मात्र ग्वाल्हेरीस पाहावयास मिळते. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या शिंदे घराण्याने तेथे राज्य स्थापिले. जयाजीराव शिंदे यांनी 1874 साली जयविलास महाल बांधविला. त्यांचे पुत्र माधवराव यांनी तेथील भोजनाच्या मेजासाठी रुप्याची छोटी आगगाडी करविली. रुळांवरून ती पाहुण्यांसमोर फिरे आणि भोजनोत्तर पेये व चिरूट पोहोचवी. पाहुण्याने पात्र उचलले की गाडी थांबे. ते परत ठेवले की चालू लागे. आज ती महालातील संग्रहालयात आहे.

या यंत्राचे कौतुक कोणासही वाटेल. परंतु त्यात एक उणीव राहिली: वाढणारा हातच नाहीसा झाला. ‘आणखी थोडे घ्यावे’ असा आग्रह आगगाडीस करता येत नाही.

मनुस्मृतीच्याच तिसऱ्या अध्यायात पितरांना रौप्यपात्रातून दिलेल्या जलाचे फळ अक्षय सांगितले आहे. मात्र ते जल श्रद्धेने दिलेले असावे, ही अट तेथेच घातली आहे. रुपे हवेतील गंधकाने काळवंडते, आणि घासून उजळताना प्रत्येक वेळी कणभर झिजते. जुन्या पळीची, ओगराळ्याची नक्षी अशीच पिढ्यान्‌पिढ्या पुसट होत जाते. ती झीज म्हणजे अनेकांना वाढल्याची खूणच होय. कपाटात बंद असलेले रुपे झिजत नाही, पण त्यातून कोणाचे पोटही भरत नाही. पंक्तीत पळसाची पत्रावळ असो वा रुप्याचे ताट, अन्नास गोडी येते ती वाढणाऱ्याच्या श्रद्धेने.