आजीबाईच्या घराचा हप्ता कोण भरणार?



गेल्या महिन्यात आम्ही एका बचत गटाच्या बैठकीला बसलो होतो. कर्जाचे अर्ज वाचून झाले, सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "माझी मागची भिंत पडलीय. मी पण अर्ज करते. पण बायांनो, फेडू कशानं? पेन्शन येती ती औषधाला जाती. आन् बँकेत गेलं तर म्हणत्यात, या वयात कर्ज नसतं." कुणी काही बोललं नाही. आम्हीही नाही. वही मिटली आणि बैठक संपली.

तो प्रश्न काही आमच्या डोक्यातून जाईना. कमावते हात थकले, नवरा गेला, मुलं लांब आहेत किंवा नाहीतच, अशा बाईच्या डोक्यावर छप्पर हवं. छपराला पैसा लागतो. पैसा कर्जाऊ आणला तर हप्ता येतो. मग तो हप्ता कुणी भरायचा?

आज आम्ही या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहोत, आणि तो आहे अमेरिकेचा. "एवढ्या श्रीमंत देशाचं आम्हाला काय?" असं म्हणू नका. मुद्दल, व्याज, हप्ता हे शब्द तिथेही तेच आहेत. शिवाय तिथल्या गरीब म्हाताऱ्या बाईला हक्काची खोली मिळायला बरीच दशकं गेली आणि वाटेत चुकाही झाल्या. दुसऱ्याच्या चुकीतून शिकायला पैसे पडत नाहीत.

शंभर वर्षांपूर्वी तिथे निराधार म्हाताऱ्यांसाठी मुख्य जागा होती, ती म्हणजे गरीबखाना. आजारी, वेडसर, अनाथ आणि म्हातारी माणसं एकाच आवारात ठेवलेली असत. तिथे जाणं म्हणजे अब्रू गेली, असं लोक मानत. 1935 साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि म्हातारपणी थोडे पैसे मिळू लागले. त्यात एक अट होती, की सरकारी गरीबखान्यात राहणाऱ्याला वृद्धांची मदत मिळणार नाही. त्यामुळे माणसं गरीबखान्यातून बाहेर पडली. पण जाणार कुठे? कुणी कोंदट भाड्याच्या खोलीत गेलं, तर कुणी जिना चढायचा अशा माडीवर.

1937 साली सरकारी भाड्याच्या घरांचा कायदा आला. पैशाची रचना नीट समजून घ्या, पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. शहरात एक गृहनिर्माण प्राधिकरण असायचं. ते रोखे विकून लोकांकडून बांधकामासाठी पैसे उभे करायचं. त्या रोख्यांचं मुद्दल आणि व्याज दिल्लीसारखं तिथलं केंद्र सरकार वर्षानुवर्षं भरायचं. शहर नेहमीच्या घरपट्टीत सूट द्यायचं. भाडेकरूनं भरायचा तो फक्त चालू खर्च, म्हणजे पाणी, दिवाबत्ती, झाडलोट, दुरुस्ती. एकट्यानं कुणीच सगळा भार उचलला नाही, तिघांनी वाटून घेतला. म्हणून भाडं कमी राहिलं.

पण या कायद्यात एक मोठं भोक होतं. घर "कुटुंबाला" मिळायचं. एकटी विधवा कुटुंबात मोजलीच जात नव्हती! नवरा जिवंत असता तर दोघांना घर मिळालं असतं. तो गेला, घराची गरज वाढली आणि हक्क मात्र संपला. हे भोक बुजवायला 1956 साल उजाडलं. त्या वर्षी एकट्या वृद्ध माणसालाही सरकारी घर मिळू शकेल अशी दुरुस्ती झाली.

आता टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात चला. तिथल्या गृहनिर्माण प्राधिकरणाची सूत्रं एका बाईच्या हाती होती. त्यांचं नाव मेरी मॅग्वायर. त्यांनी खास वृद्धांसाठी सरकारी इमारत बांधायचं ठरवलं. 1960 साली व्हिक्टोरिया प्लाझा ही नऊ मजली इमारत उघडली आणि तळमजल्यावर वृद्धांना एकत्र बसता येईल असं केंद्र केलं. देशात अशा पहिल्यावहिल्या इमारतींपैकी ती एक. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष केनेडींनी मॅग्वायरबाईंना साऱ्या देशाच्या सरकारी घरांच्या आयुक्तपदी नेमलं.

फ्रान्सिस कार्प नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या इमारतीत एक साधी पण मोलाची गोष्ट केली. ज्यांनी अर्ज केले त्या सगळ्यांशी त्या आधीच बोलल्या. पुढे काहींना घर मिळालं, काहींना नाही. मग दोन्ही गटांकडे त्या पुन्हा गेल्या आणि काही वर्षांनी परत गेल्या. घर मिळालेल्यांची ऊठबस वाढली होती, मैत्रिणी झाल्या होत्या, तब्येतीची तक्रार कमी होती. आठ वर्षांनंतरही त्यांचं बरं चाललं होतं. चांगल्या घरानं आयुष्य वाढतं हे आपल्याला अनुभवानं माहीत आहे. तिथे ते वहीत नोंदलं गेलं.

पण सरकारी घरं सगळ्यांना पुरणारी नव्हती. म्हणून 1959 साली दुसरी वाट निघाली. कायद्यातल्या कलमावरून तिला आजही "कलम 202" म्हणतात. यात सरकार स्वतः बांधत नाही. चर्च, कामगार संघटना, सेवाभावी संस्था असे नफा न घेणारे लोक वृद्धांसाठी इमारत बांधतात आणि सरकार त्यांना थेट कर्ज देतं. खर्चाच्या 98 टक्क्यांपर्यंत कर्ज, फेडीची मुदत 50 वर्षांपर्यंत, आणि 1965 पासून व्याज फक्त 3 टक्के.

याचा अर्थ आपल्या पैशात मांडून पाहू. 1 लाखाचं कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण 900 रुपये. तेच 3 टक्क्यांनी 50 वर्षांसाठी घेतलं, तर साधारण 320 रुपये. वीट तीच, सिमेंट तेच. नुसत्या व्याजानं आणि मुदतीनं भाडं तिसऱ्या हिश्श्यावर आलं.

तरीसुद्धा जिच्याजवळ हे 320 पण नाहीत, तिचं काय? खरं सांगायचं तर सुरुवातीचं कलम 202 तिच्यासाठी नव्हतंच. सरकारी घरासाठी थोडी जास्त कमाई, बाजारातल्या घरासाठी फार कमी, अशा मधल्या लोकांना त्याचा उपयोग झाला. अगदी तळाची बाई बाहेरच राहिली. कर्ज कितीही स्वस्त असलं तरी कर्जच ते.

इकडे सरकारी घरांतही कुरबुर सुरू झाली होती. इमारती जुन्या झाल्या, महागाई वाढली, चालू खर्च फुगला. हा चालू खर्च कुणाच्या वाट्याला होता ते आठवतंय ना? भाडेकरूच्या. भाडं वाढत गेलं आणि काही घरांत निम्म्याहून अधिक कमाई भाड्यातच जाऊ लागली. 1969 साली सेंट लुईस शहरातल्या भाडेकरूंनी भाडं द्यायचं थांबवलं. पुढे होत्या त्या कृष्णवर्णीय बायका, कित्येक जणी एकटीनं घर चालवणाऱ्या. जीन किंग या त्यांच्यातल्या एक पुढारी. जवळजवळ नऊ महिने बायका हटल्या नाहीत, आणि अखेर तडजोड झाली.

त्याच वर्षाच्या शेवटी सिनेटर एडवर्ड ब्रूक यांची दुरुस्ती मंजूर झाली. सरकारी घराचं भाडं भाडेकरूच्या उत्पन्नाच्या 25 टक्क्यांहून जास्त असणार नाही, हे कायद्यात आलं. 1981 साली हा आकडा 30 टक्के करण्यात आला.

सख्यांनो, हे वळण लक्षात ठेवा. तोवर प्रश्न असा होता, "इमारतीला किती खर्च येतो?" आता प्रश्न झाला, "या बाईला किती झेपतं?" समजा तिची मिळकत 1,500 आहे, तर 30 टक्क्यांनी भाडं 450. खोलीचा चालू खर्च 1,000 असेल तर वरचे 550 सरकारनं घालायचे. वृद्धांच्या बाबतीत औषधपाण्याचा मोठा खर्च असेल तर तो मिळकतीतून आधी वजा होतो आणि मग 30 टक्के मोजतात.

कलम 202 ची नवी कर्जं दरम्यान बंद पडली होती. कारण ऐकून हसू येईल. सरकारी हिशोबात दिलेलं कर्ज त्या वर्षाचा सगळाच्या सगळा खर्च म्हणून दिसायचं, परत येणार असलं तरी! 1974 साली योजना पुन्हा सुरू झाली, ती मात्र भाड्याच्या मदतीची जोड घेऊन. आता तळाची बाई आत आली. पण कर्जाचं व्याज वाढलं होतं. संस्थेनं सरकारचं कर्ज फेडायचं, ते भाड्यातून. भाड्याचा मोठा भाग भरणार सरकारच. म्हणजे सरकार एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालत होतं, आणि मधे कागद तेवढे वाढत होते.

1990 च्या कायद्यानं हा गुंता सोडवला. त्या कायद्याच्या नावात सॅन अँटोनियोचे खासदार हेन्री गोन्झालेझ यांचं नाव आहे. तरुणपणी त्यांनी तिथल्याच गृहनिर्माण प्राधिकरणात नोकरी केली होती. नवा नियम असा, की संस्थेला बांधकामासाठी बिनव्याजी रक्कम मिळेल आणि 40 वर्षं ती इमारत 62 वर्षांवरील अगदी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच ठेवली, तर ती रक्कम परत करायची नाही. संस्थेनं आपला छोटासा हिस्सा घालायचा, कारभार बघायचा. हप्ताच नाही, म्हणून तो कुणाच्या डोक्यावरही नाही. चालू खर्चातली तूट सरकार भरतं. या कलमानं आजवर सुमारे 4 लाख घरं उभी राहिली. राहणाऱ्यांत एकट्या बायकाच जास्त.

खेड्यांचं काय, असं तुम्ही विचारणारच. 1962 साली वृद्धांच्या घरांसाठी आणखी एक कायदा झाला. शेतकऱ्यांना कर्ज देणारं जे सरकारी खातं होतं, त्यानंच खेड्यापाड्यांत वृद्धांसाठी भाड्याची घरं बांधायला कर्ज द्यायचं ठरलं. 1966 पासून इतर गरीब कुटुंबंही त्यात आली. 1968 नंतर व्याज 1 टक्क्यापर्यंत खाली आलं, 1974 च्या कायद्यानं भाड्याची मदतही जोडली. यातली जुनी कर्जं आता फिटत आली आहेत. आपल्याकडे कर्ज फिटलं की पेढे वाटतात. तिथे मात्र काळजी लागते, कारण भाड्याची मदत त्या कर्जाला बांधलेली आहे. कर्ज संपलं की मालकावरचं बंधन संपतं आणि बहुतेक ठिकाणी आजीची मदतही संपते. 50 वर्षांपूर्वी कागद करताना शेवटच्या पानाचा विचार कमी पडला, त्याचं हे फळ.

1986 पासून खाजगी पैसाही आणला गेला. कंपन्यांनी स्वस्त घरांत पैसे घालायचे आणि 10 वर्षं करात सूट घ्यायची. कुठल्या इमारतीला सूट द्यायची ते राज्य ठरवतं. यातून पुष्कळ घरं झाली. पण इथलं भाडं त्या भागाच्या सरासरी कमाईवरून ठरतं, त्या बाईच्या कमाईवरून नाही. म्हणून नुसत्या पेन्शनवर जगणारीला इथेही वरची मदत लागतेच. आणि भाड्याचं बंधन आधी 15 वर्षांचं होतं, नंतरच्या इमारतींना 30 वर्षांचं झालं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. 2012 पासून काही वर्षं कलम 202 मध्ये नव्या बांधकामाला पैसाच दिला गेला नाही, नंतर तो पुन्हा थोडा थोडा सुरू झाला. घरं कमी, म्हातारी माणसं जास्त. प्रतीक्षायादीत नाव लावून वर्षानुवर्षं वाट बघणारे तिथेही आहेत.

मग आपण यातून काय घ्यायचं? वृद्धांच्या घराची कुठलीही योजना गावात आली, की ग्रामसभेत हात वर करून चार गोष्टी विचारायच्या. एकटी बाई यात मोजली आहे का, की नवऱ्याचं, मुलाचं नाव लागतंय? बांधकामाचा पैसा कर्ज आहे की अनुदान, आणि कर्ज असेल तर हप्ता कुणाच्या नावावर? घर बांधून झाल्यावर पाणी, वीज, दुरुस्ती कोण बघणार? आणि हे सगळं किती वर्षांसाठी, त्यानंतर काय?

त्या आजींच्या भिंतीचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. गटानं त्यांना कर्ज दिलं नाही. पुढच्या बैठकीत ठरलं, की दंडाच्या रकमेतून पत्रे आणि विटा घ्यायच्या आणि हे वहीत कर्जाच्या रकान्यात लिहायचं नाही. एका भिंतीपुरतं गटाला जमलं. अख्ख्या घराचं ओझं गटाला पेलणार नाही, त्याला सरकार लागतंच. पण आजी, वेगळा रकाना आखायला तुमच्या एका प्रश्नामुळे आम्ही शिकलो.