एकदाच येणारा पैसा आणि वर्गातली यंत्रे

आपल्या घरातल्या शाळकरी मुलाच्या दप्तरात हल्ली वह्या-पुस्तकांबरोबर एक क्रोमबुक असते. ते शाळेने दिलेले असते, मोडले तर शाळा दुरुस्त करते, आणि ते कोणाच्या पैशाने आले हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आपण भरतो त्या प्रॉपर्टी टॅक्समधूनच आले असणार, असे आपण गृहीत धरतो. ते अर्धेच खरे आहे. २०२० पासूनच्या काही वर्षांत शाळांनी घेतलेल्या यंत्रांपैकी पुष्कळशी वॉशिंग्टनहून आलेल्या पैशातून, आणि तेही एकदाच आलेल्या पैशातून घेतलेली आहेत. असा पैसा या देशातल्या शाळांत पूर्वीही आला होता. मी न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या स्कूल बोर्डाने नेमलेल्या पालकांच्या तंत्रज्ञान समितीवर काही वर्षे होतो. व्यवसायाने टेलिफोनच्या तारांशी संबंध असलेला माणूस, म्हणून मला बोलावले असावे. त्यामुळे हा इतिहास मला थोडा आतून पाहायला मिळाला, आणि तोच इथे मांडतो आहे.

प्रारंभ करायचा तर स्पुटनिकपासून करावा लागतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियनांचा उपग्रह आकाशात गेला आणि अमेरिकेला एकाएकी आपल्या शाळांची काळजी वाटू लागली. शाळा हा स्थानिक विषय, वॉशिंग्टनने त्यात हात घालू नये, ही इथली जुनी धारणा. पण संरक्षणाचे नाव दिले की दारे उघडतात. २ सप्टेंबर १९५८ रोजी आयझेनहॉवर यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याचे नावच राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा असे होते. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात विज्ञान, गणित आणि परकीय भाषा यांच्या शिक्षणाला लागणाऱ्या साधनांसाठी चार वर्षे दरसाल ७ कोटी डॉलरची तरतूद होती. अट एवढीच, की सरकार जेवढे देईल तेवढेच राज्याने किंवा शाळेने घालायचे. त्या पैशातून प्रयोगशाळा सजल्या, प्रोजेक्टर आले, आणि हजारो हायस्कूलांत 'लँग्वेज लॅब' नावाच्या खोल्या उभ्या राहिल्या. रांगेने खुर्च्या, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, मधोमध टेपरेकॉर्डर.

या लँग्वेज लॅब पुढे बऱ्याच ठिकाणी धूळ खात पडल्या. टेप तुटली तर जोडायला माणूस नव्हता, आणि फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंना ती यंत्रे चालवायला कोणी नीट शिकवले नव्हते. हे वाचताना मला आमच्या गावच्या शाळेतली विज्ञानाच्या साहित्याची पेटी आठवते. ती सरकारातून आली होती. पण काही फुटले तर भरपाई कोणी करायची, म्हणून ती कपाटात कुलूपबंद राहिली, आणि आम्ही त्यातले भिंग पाहिले ते तपासणीला साहेब आले त्या दिवशी. दोन देश, दोन भाषा, पण कपाटाचे कुलूप एकच. त्या १९५८ च्या कायद्यातले टिकले काय म्हणाल, तर यंत्रांपेक्षा माणसे. त्याच कायद्याने कॉलेजच्या विद्यार्थ्यांना कर्जे दिली आणि पुढच्या संशोधनासाठी फेलोशिप दिल्या. त्या घेतलेल्यांनी पुढे तीस-चाळीस वर्षे शिकवले.

मधली वर्षे वगळून १९९६ कडे येतो, कारण त्या सुमारास आपल्यापैकी पुष्कळजण या देशात नुकते स्थिरावत होते. ९ मार्च १९९६ रोजी कॅलिफोर्नियात 'नेटडे' झाला. हजारो स्वयंसेवकांनी सुट्टीच्या दिवशी शाळांत जाऊन तारा ओढल्या. अध्यक्ष क्लिंटन आणि उपाध्यक्ष गोर हेही काँकर्डच्या एका हायस्कूलात शिडीवर चढले. फोटो छान आले. पण खरे काम त्याच्या महिनाभर आधी, ८ फेब्रुवारीला झाले होते. त्या दिवशी सही झालेल्या दूरसंचार कायद्यात सिनेटर स्नो आणि रॉकफेलर यांनी घातलेले एक कलम होते. त्यातून 'ई-रेट' जन्माला आला.

ई-रेट ही योजना मला आजवरच्या सगळ्यांत शहाणी वाटते, आणि तिचे कौतुक फार कमी झाले. शाळेला आणि ग्रंथालयाला इंटरनेटच्या बिलात २० ते ९० टक्के सूट. गरीब मुले जितकी जास्त, तितकी सूट जास्त. उरलेला हिस्सा शाळेने भरायचा, म्हणजे कोणी उगाच मागणी करत नाही. पैसा खजिन्यातून नव्हे, तर दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून. आपल्या टेलिफोनच्या बिलात तळाशी 'युनिव्हर्सल सर्व्हिस' अशी एक ओळ असते, ती याचीच. वर्षाला सव्वादोन अब्ज डॉलरची मर्यादा होती. २०१४ मध्ये ती ३.९ अब्ज झाली. मुख्य म्हणजे हा पैसा दरवर्षी येतो. १९९४ मध्ये सरकारी शाळांतल्या फक्त ३ टक्के वर्गखोल्यांत इंटरनेट होते, २००२ मध्ये ९२ टक्के खोल्यांत. याचे सगळे श्रेय एकट्या ई-रेटला देता येणार नाही, पण मोठा वाटा त्याचा आहे. ही वर्गणी घटनाबाह्य आहे असा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जून २०२५ मध्ये न्यायालयाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी फेटाळला.

आता येतो २००९ कडे. २००८ च्या शरद ऋतूत बँका कोसळल्या, घरांच्या किमती पडल्या. राज्यांचे उत्पन्न आटले, आणि राज्यांना, केंद्रासारखी, तूट ठेवून चालत नाही. जवळजवळ सगळ्याच राज्यांना अंदाजपत्रक जुळवावेच लागते. राज्याच्या खर्चात शाळा हा मोठा हिस्सा. म्हणजे मंदी आली की पहिली कुऱ्हाड शिक्षकांवर. १७ फेब्रुवारी २००९ रोजी अध्यक्ष ओबामांनी डेन्व्हरच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ज्या कायद्यावर सही केली, तो ७८७ अब्ज डॉलरचा होता. त्यातले जवळपास १०० अब्ज शिक्षण खात्याच्या वाट्याला आले. इतकी रक्कम त्या खात्याने एका वेळी कधी पाहिली नव्हती.

यातले ५३.६ अब्ज राज्यांना सावरण्यासाठी होते, आणि ते बहुतांशी पगारांत गेले. जायलाच हवे होते. गरीब मुलांच्या शाळांसाठी जादा १३ अब्ज, अपंग मुलांच्या शिक्षणासाठी १२.२ अब्ज. आणि ज्याला स्पष्टपणे 'शिक्षणात तंत्रज्ञान' म्हटले होते त्या योजनेला ६५ कोटी. ६५ कोटी ऐकायला मोठे वाटते, पण देशातल्या सरकारी शाळांत सुमारे पाच कोटी मुले, म्हणजे डोई तेरा डॉलर. एक चांगला कॅल्क्युलेटरही येत नाही! शिवाय या योजनेला २००२ मध्ये सुमारे ७० कोटी मिळत होते, ते घटत घटत २७ कोटींच्या आसपास आले होते. म्हणजे २००९ चा पैसा नव्या उडीपेक्षा जुन्या खड्ड्याची भरपाई अधिक होती. तिच्यातली एक अट मात्र चांगली होती: किमान चौथा हिस्सा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च करायचा.

यंत्रांवर खरा खर्च झाला तो दुसऱ्या खिशांतून. गरीब आणि अपंग मुलांसाठी आलेला पैसा सप्टेंबर २०११ च्या आत कामी लावायचा होता. दोन वर्षांसाठी शिक्षक नेमायचे आणि नंतर काढून टाकायचे, याला कोणताही सुपरिंटेंडेंट राजी होत नाही. यंत्र एकदा विकत घेतले की झाले. पुढे ना पगार, ना पेन्शन. त्यामुळे देशभर इंटरअॅक्टिव्ह व्हाइटबोर्ड, लॅपटॉपच्या गाड्या आणि सॉफ्टवेअरची परवानापत्रे यांची खरेदी जोरात झाली. विक्रेत्यांनीही 'स्टिम्युलसमधून कसे घ्याल' अशी पत्रके छापली होती.

आमच्या समितीपुढेही असे एक पत्रक आले. व्हाइटबोर्ड प्रत्येक वर्गात, किंमत अमुक, बसवण्याची मजुरी मोफत. बहुतेकांनी माना डोलावल्या. मधल्या शाळेतल्या गणिताच्या एक शिक्षिका बैठकीला आल्या होत्या. त्यांनी विचारले, प्रोजेक्टरचा दिवा गेला तर तो कोणाच्या खात्यातून यायचा? विक्रेत्याने दिव्याची किंमत सांगितली. बाईंनी कागदावर गुणाकार केला आणि एकूण वर्गांचा आकडा वाचून दाखवला. तो आकडा मूळ प्रस्तावात कुठेच नव्हता. चर्चेअंती निम्म्या वर्गांना बोर्ड घ्यायचे आणि उरलेल्या पैशातून इमारतीतल्या जुन्या तारा बदलायच्या, असे ठरले. तारा भिंतीत जातात, त्यांचा फोटो निघत नाही, म्हणून दोन-तीन सभासद नाराज झाले. मला त्या बाईंचा गुणाकार आजही आठवतो. तंत्रज्ञान समितीवर तंत्रज्ञांपेक्षा शिक्षक जास्त असावेत, असे माझे तेव्हापासून मत आहे.

त्यानंतर आमच्या राज्यात जे झाले ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. न्यू जर्सीने २००९-१० सालची शाळांची मदत भरून काढण्यासाठी स्टिम्युलसचे सुमारे १ अब्ज डॉलर वापरले होते. पुढच्या वर्षी ते नव्हते. जानेवारी २०१० मध्ये आलेले गव्हर्नर ख्रिस्टी यांनी मार्चमध्ये शाळांच्या मदतीतून ८२ कोटी कापले. त्या एप्रिलमध्ये गावोगावी शाळांची अंदाजपत्रके मतदानाला आली आणि सुमारे ५९ टक्के फेटाळली गेली. इतकी अंदाजपत्रके त्यापूर्वी १९७६ नंतर कधी पडली नव्हती. मतदान दर एप्रिलला व्हायचे, आणि आपल्या लोकांत त्याची फारशी वास्तपुस्त नसे. चांगल्या शाळा म्हणून ज्या गावात आपण जास्त पैसे मोजून घर घेतले, त्या गावच्या शाळेच्या मतदानाला मात्र आपण जात नसू. ज्या गावांत व्हाइटबोर्ड आले त्यांपैकी काहींत ते चालवायला शिकवणारा माणूसच त्या वर्षी नोकरीवरून गेला. तंत्रज्ञानाची ती केंद्रीय योजनाही २०१० मध्ये १० कोटींवर आली आणि २०११ मध्ये शून्यावर.

स्टिम्युलसमधले टिकाऊ काही शोधायचे तर ते शिक्षण खात्याबाहेर सापडते. त्याच कायद्यात ब्रॉडबँडसाठी ७.२ अब्ज डॉलर होते. मेन राज्याला त्यातले २.५ कोटींहून थोडे अधिक मिळाले, आणि त्यातून २०१२ पर्यंत सुमारे ११०० मैल फायबर ग्रामीण भागातून फिरवली गेली. याच मेनने २००२ मध्ये सातवीच्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला होता. त्या कल्पनेचे मूळही राज्याच्या तिजोरीत अनपेक्षितपणे शिल्लक पडलेल्या पैशात होते. पण गव्हर्नर अँगस किंग यांच्या काळातली ती योजना पुढच्या सरकारांनीही चालू ठेवली, शिक्षकांना शिकवण्याची सोय तिच्यातच होती, आणि यंत्रे ठरावीक वर्षांनी बदलली गेली. एकदाच आलेल्या पैशाने सुरुवात करून नेहमीच्या अंदाजपत्रकात जागा मिळवलेली अशी उदाहरणे मोजकीच.

मग करोना आला. मार्च २०२० मध्ये शाळांना १३.२ अब्ज, त्याच डिसेंबरात ५४.३ अब्ज, मार्च २०२१ मध्ये १२२ अब्ज. मिळून १९० अब्जांच्या घरात, म्हणजे २००९ च्या जवळजवळ दुप्पट. शिवाय घरी इंटरनेट नसलेल्या मुलांसाठी ई-रेटच्या धर्तीवर आणखी ७.१७ अब्ज. त्या वेळी विचार करायला उसंतच नव्हती. शाळा बंद, मुले घरी, आणि यंत्र नाही त्याला शाळा नाही अशी स्थिती. त्या घाईत झालेल्या खरेदीला मी नावे ठेवणार नाही. आमच्या गावात ज्या घरांत तीन मुलांत एक फोन होता, त्या घरांना त्या क्रोमबुकनेच तारले.

पण क्रोमबुकला जन्मतारखेबरोबर शेवटची तारीखही असते. त्या तारखेनंतर सुरक्षेचे अपडेट थांबतात, आणि परीक्षेची सॉफ्टवेअरे चालेनाशी होतात. ग्राहक संघटनांनी त्यावर ओरड केल्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने ही मुदत दहा वर्षांवर नेली. तरी बिजागऱ्या आणि बॅटऱ्या दहा वर्षे थोड्याच टिकतात! इकडे करोनाच्या शेवटच्या हप्त्याचा पैसा गुंतवण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. दारात हत्ती आला, चारा देणारा गेला.

आता ही यंत्रे बदलायची ती गावच्या करातून. न्यू जर्सीत २०१० च्या कायद्याने प्रॉपर्टी टॅक्सची वाढ वर्षाला साधारण २ टक्क्यांवर रोखली आहे, त्यामुळे क्रोमबुकचा नवा ताफा घ्यायचा तर दुसरे काहीतरी कमी करावे लागते. बँड, ग्रंथपाल, नाहीतर जादा शिकवणीची शिक्षिका. आणि २०१२ नंतर बहुतेक गावांनी शाळेची निवडणूक नोव्हेंबरात नेली, तेव्हापासून या मर्यादेतले अंदाजपत्रक मतदानाला येतच नाही. उरते ती वसंत ऋतूतली जाहीर सुनावणी. मी समितीवर नसलो तरी तिला जातो. कागदपत्रांत तंत्रज्ञानाची ओळ काढतो आणि विचारतो, ही यंत्रे कोणत्या साली घेतली, कोणत्या साली बाद होणार, आणि शिक्षकांना शिकवणाऱ्याचा पगार कोणत्या ओळीत आहे. गेल्या खेपेला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला दोन आठवडे लागले. ते ई-मेलने आले: ती जागा करोनाच्या पैशातून भरली होती, आणि आता रिकामी आहे.