कोंबड्यांचे व्हायरसजन्य वृक्करोग

कोंबड्यांच्या शरीरातील नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ मुख्यत्वे यूरिक अम्लाच्या रूपाने उत्सर्जित होतात. वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) कार्य बिघडल्यास यूरेट लवणे वृक्कांत व मूत्रवाहिन्यांत साचतात आणि वृक्के सुजून फिकट दिसतात. निरनिराळ्या कारणांनी हेच दृश्य उद्भवत असल्यामुळे मांसल कोंबड्यांच्या (ब्रॉयलर) रोगांच्या इतिहासात दोन भिन्न व्हायरसांची काही काळ गल्लत झाली.

सांसर्गिक श्वासनलिकाशोथ या रोगाचे पहिले वर्णन शाल्क व हॉन यांनी अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातून १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या वेळी तो केवळ श्वसनमार्गाचा रोग समजला गेला. पुढे डेलावेअर राज्यातील गंबोरो परिसरातील मांसल कोंबड्यांत एक नवा रोग आढळला. ए. एस. कॉसग्रोव्ह यांनी १९६२ मध्ये त्याचे वर्णन केले. पातळ विष्ठा, कंप, ग्लानी व स्नायूंतील रक्तस्राव यांबरोबरच वृक्कांतील बदल ठळक असल्याने त्यास ‘पक्ष्यांचा वृक्कविकार’ म्हटले गेले. अवस्कराजवळील फॅब्रिशियस कोशाची सूजही त्यांनी नोंदविली होती.

त्याच वर्षी विंटरफील्ड व हिचनर यांनी रोगी पक्ष्यांच्या वृक्कांतून ‘ग्रे’ नावाचा व्हायरस वेगळा केला व तोच कारण मानला गेला. तथापि ग्रे व्हायरसाविरुद्ध प्रतिकारक्षम असलेल्या पक्ष्यांनाही गंबोरो रोग होऊन कोशात बदल दिसू लागले. ग्रे हा श्वासनलिकाशोथाच्या व्हायरसाचाच वृक्कांना बाधा करणारा प्रकार ठरला. ऑस्ट्रेलियात कमिंग यांनीही याच सुमारास असा प्रकार दाखवून दिला. गंबोरोचा व्हायरस निराळा असल्याचे सिद्ध झाल्यावर हिचनर यांनी १९७० मध्ये त्या रोगास ‘सांसर्गिक कोशरोग’ हे नाव सुचविले.

श्वासनलिकाशोथाचा व्हायरस वृक्कनलिकांच्या कोशिकांत प्रत्यक्ष वाढतो. गंबोरो रोगातील वृक्कविकृती मात्र बहुधा निर्जलीभवनाचा परिणाम असते. फॅब्रिशियस कोशाचा प्रतिपिंडनिर्मितीशी असलेला संबंध ग्लिक व सहकाऱ्यांनी १९५६ मध्येच दाखविला होता. त्यामुळे कोशाच्या नाशाचे गांभीर्य लक्षात आले. लहान वयात गंबोरोची बाधा झालेल्या पिलांत राणीखेत रोगाच्या लशीचा प्रभाव घटतो, असे १९७२ मध्ये ॲलन व सहकाऱ्यांना आढळले. भारतात गंबोरो रोगाची नोंद १९७१ मध्ये झाली.

जपानमध्ये १९७९ साली वर्णन झालेला पक्षी-वृक्कशोथ व्हायरस प्रथम पिकॉर्नाव्हायरस गणला गेला. जनुकीय अभ्यासानंतर २००० मध्ये त्याचा समावेश ॲस्ट्रोव्हायरसांत झाला.

एका व्हायरसाची लस दुसऱ्यापासून संरक्षण देत नाही. म्हणून केवळ सुजलेली वृक्के पाहून निदान न करता कोश व श्वासनलिका तपासणे आणि प्रयोगशाळेत व्हायरस ओळखणे आवश्यक असते.