ग्नूकॅश

व्यक्तिगत, कौटुंबिक व लहान व्यवसायांचे हिशेब ठेवण्यासाठी लिनक्स या परिचालन प्रणालीवर प्रथम विकसित झालेली मुक्त संगणकीय आज्ञावली. ग्नू सार्वजनिक परवान्यानुसार तिची मूळ संहिता पाहण्याचा, बदलण्याचा व पुन्हा वितरित करण्याचा अधिकार वापरकर्त्यास असतो.

पार्श्वभूमी : वैयक्तिक संगणकाच्या प्रसाराबरोबर घरखर्चाच्या आज्ञावल्या बाजारात आल्या. १९८३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या इंट्युइट कंपनीची ‘क्विकन’ व मायक्रोसॉफ्टची ‘मनी’ या त्यांत प्रमुख होत. लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. परंतु वरील आज्ञावल्या त्या प्रणालीसाठी लिहिलेल्या नव्हत्या. त्यामुळे इतर सर्व कामे लिनक्सवर करणाऱ्यासही केवळ हिशेबापुरती दुसरी प्रणाली बाळगावी लागे.

इतिहास : १९९७ मध्ये रॉबिन क्लार्क यांनी विद्यार्थिदशेतील प्रकल्प म्हणून ‘एक्स-अकाउंटंट’ ही छोटी आज्ञावली लिहिली. पुढे लिनास व्हेप्‌स्टास प्रभृतींनी ती वाढविली व १९९८ मध्ये ग्नूकॅशची पहिली स्थिर आवृत्ती निघाली. मूळ आज्ञावली मोटिफ या साधनसंचावर आधारलेली होती. मोटिफ त्या वेळी मुक्त नसल्याने मुक्त आज्ञावलीचा पायाच परावलंबी ठरत असे. म्हणून पुढे जीटीके व ग्नोम यांचा अवलंब करण्यात आला. २००३ च्या १·८ आवृत्तीत व्यवसायोपयोगी देयकांची सोय झाली. त्यानंतर साधनसंचाची नवी पिढी स्वीकारण्यासाठी बरीच संहिता बदलावी लागली आणि २·० ही आवृत्ती २००६ मध्येच येऊ शकली. २००७ मध्ये ती विंडोजवरही उपलब्ध झाली. ५·० आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. हे काम मुख्यतः स्वयंसेवकांनी केले आहे.

रचना : लूका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात वर्णिलेली द्विनोंदी पद्धती हा ग्नूकॅशचा आधार होय. पाचशे रुपयांचा किराणा रोखीने घेतल्यास किराणा खाते नावे व रोख खाते जमा होते. दोन्ही बाजू सारख्या असल्याशिवाय व्यवहार पूर्ण समजला जात नाही. सामान्य गृहस्थास मात्र केवळ जमाखर्चाची यादी हवी असते. हा पेच सोडविण्यासाठी शास्त्रीय काटेकोरपणा आत कायम ठेवून पडद्यावर बँक खात्यापुढे ‘भरणा’, ‘काढलेली रक्कम’ अशा अर्थाचे परिचित शब्द योजले आहेत.

दुसरी अडचण अंकांची होती. दहा पैसे, म्हणजे ०·१० रुपया, ही राशी द्विमान अपूर्णांकात सांत स्वरूपात मांडता येत नाही. अनेक बेरजांनंतर सूक्ष्म त्रुटी साचून ताळा चुकण्याचा संभव असतो. म्हणून ग्नूकॅशमध्ये रक्कम अंश व छेद या पूर्णांकांच्या जोडीने साठविली जाते, उदा., ४०·१० रु. म्हणजे ४०१०/१००.

मूल्यमापन : साधी आज्ञावली लिहिणे एका व्यक्तीस शक्य असते, ती वर्षानुवर्षे चालू ठेवणे अवघड असते. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये ‘मनी’ची विक्री थांबविली, तेव्हा जुन्या नोंदी दुसरीकडे कशा न्यावयाच्या, हा प्रश्न तिच्या वापरकर्त्यांपुढे उभा राहिला. ग्नूकॅशची माहिती एक्सएमएल या मजकूररूपात साठविता येते व तिची मांडणी उघड आहे; त्यामुळे आज्ञावली बंद पडली, तरी नोंदी वाचता येतात. जॉन वीग्ली यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘लेजर’ या आज्ञावलीत तर संपूर्ण खतावणी साध्या मजकुरातच लिहिली जाते. ‘केमायमनी’ व ‘होमबँक’ या लिनक्सवरील अन्य उल्लेखनीय आज्ञावल्या होत. हिशेबाची वही ती लिहिणाऱ्याच्या ताब्यात राहिली पाहिजे, हे जुने व्यापारी तत्त्व या प्रयत्नांनी संगणकाच्या क्षेत्रात टिकवून धरले आहे.